गुरुवारी दुपारी दुकान बंद राहील

नुसत्या आवाजावरून कापड ओळखणारी बाई होती ती. सुती कापड कात्रीखाली चरचरतं, लोकर घोगरं बोलते, अस्तर सळसळून आपलं आपणच मोकळं होतं. डोळे मिटून बसवलं असतं तरी कात्री कशावर चालली आहे हे तिनं सांगितलं असतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान. दारातून तीन पायऱ्या खाली उतरायचं. उजवीकडे तीन मशिनी, डावीकडे इस्त्रीचा फळा आणि मधोमध ते टेबल, कापायचं. नऊ फूट लांब, वरची फळी वर्षानुवर्षं कापड फिरून गुळगुळीत झालेली. वडिलांनी जाताना ते टेबल मुलाच्या नाही, मुलीच्या हाती दिलं. मुलगा मशिनीवर चांगला होता आणि मुलगी कात्रीवर. वडील नातं बघून नाही, हात बघून काम देणारे होते. शिंप्याच्या दुकानात जो कापतो तो मास्तर, बाकीचे सगळे शिवणारे. म्हणून गल्लीनं तिला मास्तरीण म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे तिचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. लग्न तिनं केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "माझ्या मापाचा तयार नव्हता आणि शिवून घ्यायला मला सवड नव्हती."

दादा, तिचा थोरला भाऊ, तिच्यापासून चार हातांवर मशिनीवर बसायचा. मागच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी ती जाड निळ्या कापडाची पँट कापत होती. कात्री मांडीपासून गुडघ्याकडे निघाली होती. दादा म्हणाला, "जरा इकडे ये गं."

"एवढा पाय होऊ दे," ती म्हणाली.

चालती कात्री मध्ये थांबवत नाहीत. थांबली की कापडाच्या कडेला दात पडतो. हे तिला वडिलांनी सातव्या वर्षी शिकवलं होतं. तिनं पाय पुरा कापला, कात्री खाली ठेवली आणि वळून पाहिलं, तेव्हा दादाचं डोकं मशिनीवर टेकलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच धावला असतात तरी काही उपयोग झाला नसता. ते तिच्या कानांनी ऐकलं. हातांनी ऐकलं नाही. त्यानंतर कात्री उघडली की छातीत धडधड सुरू व्हायची, बोटं गार पडायची, खडूची रेघ कापडावर पोहायला लागायची. माप घ्यायला हात चालत होता, शिवायला चालत होता, उसवायला तर फारच चांगला चालत होता. फक्त कापता येत नव्हतं. आठ महिने तिनं दुरुस्त्यांवर दुकान रेटलं. चेन बदल, दुमड सोड, कॉलर उलट. काजं करणारे म्हातारे काका अधूनमधून एखादा पायजमा कापून द्यायचे आणि मग स्वतःच तोंड वाकडं करून म्हणायचे, "पोरी, हे मी नाही कापलं असं सांग हो."

अशात मोठ्या दवाखान्याचं काम आलं. नर्सांचे एकशेवीस गणवेश. कापड दीड महिन्यानं यायचं होतं.

वहिनी, दादाच्या माघारी अर्ध्या दुकानाची मालकीण, वरच्या खोलीतून खाली आली आणि टेबलाच्या कडेला उभी राहिली. वाईट बाई नव्हती ती. घाबरलेली होती, आणि घाबरली की ती हिशेबी व्हायची.

"वन्सं, स्पष्ट बोलते. राग मानू नका. कापड आलं की इथं कोणीतरी उभं राहायलाच पाहिजे. तुम्ही राहा. नाहीतर माझा भाऊ राहील. तो कारखान्यात कटरच आहे."

"राहील, आणि मग हलणार नाही."

"ते मला माहीत नाही. हे काम गेलं तर आपण दोघी हलणार, एवढं मला माहीत आहे."

खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणूनच मास्तरणीला ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचं माप द्यायला दवाखान्यातली एक नर्स आली. टेबलावरची कात्री नुसती बाजूला सरकवताना मास्तरणीचा हात कसा अडखळला ते तिनं पाहिलं. माप पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, "यावर उपचार असतो. हाताचा नाही, मनाचा."

"मला वेड लागलेलं नाही, बाई."

"दात दुखला म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेलात, तर अख्खं तोंड गेलं असं म्हणता का?"

नर्स गेल्यावर मास्तरणीनं माप-वही उघडली. त्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान होतं. तिनं स्वतःला एक पान दिलं. छाती, कंबर, खांदा लिहितात तिथे लिहिलं: झोप चार तास. धडधड कात्री उघडताच. भूक सकाळी नाही. त्याखाली प्रश्न लिहिले. कोणाकडे जायचं? किती घेतात? किती वेळा जावं लागतं? पटलं नाही तर काय? कोणाला सांगतात का?

फोन तिनं दुकानातूनच केले, टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून, म्हणजे दोन्ही हात लिहायला मोकळे.

"हळू बोला ना," वहिनी दाराकडे बघत म्हणाली. "गल्लीत ऐकू जातंय."

"जाऊ दे. अख्ख्या गल्लीच्या कमरा माझ्या वहीत आहेत. कोणाची किती सुटली, कोणी बायकोपासून लपवून कोटाला आतून खिसा करून घेतला, मी कधी तोंड उघडलं? त्यांनी माझं एक ऐकलं तर त्यांचं काय जातंय?"

पहिल्या फोनवर मधाळ आवाज होता. "आमचं दहा बैठकांचं पॅकेज आहे, मॅडम. सगळे पैसे आधी भरले तर दोन बैठका मोफत."

"आणि पहिल्याच बैठकीत पटलं नाही तर?"

"पैसे परत मिळत नाहीत, मॅडम."

"आमच्यात ट्रायलच्या आधी कोणी पुरे पैसे देत नाही. मागितले तर गिऱ्हाईक कापड उचलून जातं, आणि बरोबर करतं." फोन ठेवला. काका काजाच्या दोऱ्याला मेण लावता लावता गालातल्या गालात हसले.

दुसरा फोन आरोग्याच्या पॉलिसीवाल्याला. तो म्हणाला, तुमच्या पॉलिसीत भरती झालात तरच मिळतील.

"म्हणजे पडल्यावर पैसे. पडू नये म्हणून काही नाही."

"नियम आहे, ताई."

"तुम्ही केलेला नाही, माहीत आहे. पण ज्यानं केला त्याला सांगा, मास्तरीण काय म्हणाली ते."

तिसरा फोन एका समुपदेशकाला लागला. माणूस सरळ होता. एका बैठकीचा दर त्यानं न अडखळता सांगितला. पुऱ्या कोटाच्या शिलाईएवढा. ऐकून वहिनीनं कपाळाला हात लावला. मास्तरीण मात्र गडबडली नाही. "एवढं मला दर आठवड्याला जमणार नाही. यापेक्षा कमी दरात चांगलं काम कुठे मिळेल, तेही तुम्हीच सांगा."

तिकडे तो माणूस मनापासून हसला. म्हणाला, सरकारी दवाखान्यात सोमवारी मनाचे डॉक्टर असतात. तिथं पैसे नाममात्र, रांग मात्र मोठी, आणि औषध लागणार असेल तर तेच देतील. नुसतं बोलून काम करायचं असेल तर नदीपलीकडे एक शिक्षणसंस्था आहे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी तिथं लोकांना भेटतात, त्यांच्यावर शिक्षकांची देखरेख असते, आणि फी कमाईप्रमाणे ठरते. "पहिल्याच भेटीत सगळं विचारून घ्या. दर, किती भेटी, गुप्तता. विचारलं म्हणून ज्याला राग येईल त्याच्याकडे जाऊच नका."

"एवढं सांगितलंत, त्याचे किती झाले?"

"याचे काही नाहीत, ताई."

तिनं त्याचा नंबर वहीत सुबक अक्षरात लिहून ठेवला.

"विद्यार्थी?" वहिनी म्हणाली. "म्हणजे शिकाऊ? तुमच्या डोक्यावर हात बसवणार का ते?"

"मी पण शिकाऊ होते, वहिनी. वडील मागे उभे असायचे. शिकाऊ माणूस प्रत्येक रेघ दोनदा तपासतो. जुना माणूस चुकतो ते न बघताच कापतो म्हणून."

संस्थेत गुरुवारी दुपारी अडीचची वेळ मिळाली. तिनं पुठ्ठा घेतला, खडूनं लिहिलं: गुरुवारी दुपारी दुकान बंद राहील. वहिनी म्हणाली, एवढं पुरे. मास्तरणीनं खाली आणखी एक ओळ लिहिली: मास्तरीण मनाच्या उपचाराला जाते. पायऱ्या चढून तिनं पुठ्ठा दारावर टांगला आणि निघाली.

संस्थेत शिरल्यावर समोरच एक टेबल होतं. त्यामागे नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेला पोक्त गृहस्थ, पुढ्यात जाडजूड वही, हातात पेन. आणि इथे मास्तरणीची चूक झाली, तिच्या धंद्यातल्या माणसाचीच होऊ शकते तशी. शिंप्याच्या दुकानात वही ज्याच्या हाती तोच मास्तर. आणि माप द्यायचं तर सरळ उभं राहून, पोट आत न ओढता, एकदाच आणि पुरं द्यायचं. पोट ओढून माप दिलेल्यांचे कपडे कसे होतात हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

गृहस्थानं वर न बघता विचारलं, "काय त्रास आहे?"

आणि ती सांगायला लागली. निळं कापड सांगितलं, मांडी ते गुडघा सांगितलं. दादा काय म्हणाला, आपण काय म्हणालो, ते शब्दाला शब्द सांगितलं. दादाच्या पायाखाली मशीन थोडा वेळ तशीच फिरत राहिली होती, हे आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. मागे सात माणसांची रांग होती. गृहस्थानं पेन खाली ठेवलं होतं. वीस मिनिटं तो हलला नाही.

तिचं संपलं तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. "ताई, मॅडम आत आहेत. मी नोंदणी करतो. मला फक्त 'झोप', 'चिंता' की 'इतर', एवढ्यावर खूण करायची होती."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मास्तरणीचे कान तापले. तिला वाटलं, वळावं आणि थेट घर गाठावं. ती वळलीही. पण त्या हसणाऱ्या माणसाकडे तोंड करून उभी राहिली.

"हसा. तुमची पाळी येऊ दे, मी इथंच थांबून ऐकते." मग गृहस्थाकडे वळली. "'इतर'वर करा खूण. आणि कमाईचा कागद हा घ्या. पावतीपुस्तकच आणलंय. फुकटचा रकाना असेल तर त्यात घालू नका मला. मी कोणाला फुकट शिवून देत नाही, फुकट शिवून घेतही नाही."

फी ठरली ती एका पँटच्या शिलाईएवढी. आठवड्याला एक पँट. हे तिला झेपणारं होतं.

आतली मॅडम सव्वीस-सत्तावीस वर्षांची. अंगातल्या जाकिटाचा डावा खांदा पाव इंच उतरलेला. मास्तरणीनं ते बघितलं आणि ठरवलं की खांद्याबद्दल आज बोलायचं नाही. वही उघडली आणि एकेक प्रश्न विचारला. मुलीनं एकेकाचं उत्तर दिलं. किती वेळा, ते आज सांगता येत नाही. सहा भेटींनंतर दोघी मिळून बघू. इथलं बोलणं माझ्यात आणि माझ्या शिक्षकांत राहतं. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच बाहेर सांगावं लागतं, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. पटलं नाही तर दुसरा समुपदेशक मागता येतो.

"तुमचं मन नाही दुखावणार?"

"थोडं दुखावेल," मुलगी म्हणाली. "ते मी माझ्या सरांशी बोलेन. तुम्ही त्याचा भार घ्यायचा नाही."

हे उत्तर मास्तरणीला आवडलं.

मास्तरीण घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. रांगेत लोखंडाच्या दुकानवालीची जाऊ होती. वहिनी पायरीवरच उभी. "अख्ख्या रांगेपुढे सांगितलंत? माझ्या नवऱ्याचं मरण?"

"माझ्या भावाचंही होतं ते, वहिनी." ती आत गेली. मग वळून शांतपणे म्हणाली, "आणि तुम्ही कोणाला सांगितलंत? आठ महिने झाले. कोणाला तरी सांगा."

वहिनी वर गेली. त्या दिवशी जिन्यावरून दोघींचं जाणं-येणं झालं, बोलणं झालं नाही.

दुसऱ्या गुरुवारनंतर मास्तरणीला उलट जास्तच वाईट वाटलं. झोप तीन तासांवर आली. तिनं तक्रार केली, नीट, गिऱ्हाइकासारखी. "दोन पँटा दिल्या आणि माल बिघडला." मुलीनं ते हसण्यावारी नेलं नाही. सरांना विचारलं, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या असं सुचवलं. मास्तरीण सोमवारच्या रांगेत साडेतीन तास उभी राहिली. डॉक्टरांनी झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली आणि बोलणं चालू ठेवा म्हणाले.

तिसऱ्या गुरुवारी मुलगी म्हणाली, "मला कापायला शिकवा."

"तुम्हाला?"

"म्हणजे कसं कापतात ते सांगा. कात्री आणि जुना कागद घेऊन या."

शिकवायचं म्हटलं की मास्तरीण निराळीच बाई व्हायची. अंगठा इथं, पातं टेबलाला टेकलेलं, मनगट नाही, खांदा चालवायचा. सांगता सांगता तिनं कात्री उघडली, कागदावर वीतभर चालवली, आणि मग तिला कळलं की आपण कापतो आहोत. धडधड झाली. हात थांबला. कागदावर दात पडला.

"थांबलात," मुलगी म्हणाली. "काय झालं?"

"दात पडला."

"आणि?"

मास्तरीण त्या दाताकडे बघत राहिली. बाकी काहीच झालं नव्हतं. मग ती रडली, आवाज न दाबता. बाहेर रांगेला ऐकू गेलं असेल तर गेलं.

त्यानंतर रोज सकाळी दहा मिनिटं जुन्या चिंध्या कापायच्या, आणि मुद्दाम मध्येच थांबायचं. आयुष्यभर जे केलं नव्हतं ते. काका बघायचे आणि हळहळायचे, "काय ही नासाडी!" तिकडे न बघता ती पुन्हा थांबायची, छातीवर हात ठेवायची, धडधड ओसरेपर्यंत उभी राहायची, मग पुढे कापायची. काही दिवस चांगले गेले. काही दिवस कात्री हातात घेतली आणि तशीच ठेवली.

कापड आलं ते नेमकं गुरुवारी सकाळी. चार गठ्ठे, फिकट हिरवे. बरोबर वहिनीचा भाऊही आला, स्वतःची कात्री कापडात गुंडाळून घेऊन. टेबलावर हात फिरवत म्हणाला, "थर लावूया, ताई. आठ-आठ एकदम. संध्याकाळपर्यंत निम्मं उडवतो."

"इथं थर लावून कापत नाहीत. नर्स उभ्यानं काम करते. प्रत्येकीचं माप वेगळं घेतलंय."

"मग कापा तुम्ही. मी बघतो."

ती कापायला लागली. हात सावकाश चालत होता, पण चालत होता. दोन गणवेश झाले तेव्हा दोन वाजले. तिनं कात्री ठेवली आणि पुठ्ठा उचलला.

"आज कुठे निघालात?" वहिनीचा आवाज चढला. "आज? एकशेवीस पडलेत इथं!"

"अडीचची वेळ आहे."

भाऊ हसला. "ताई, डोकं नंतर दुरुस्त करा. आज टेबल सोडलंत तर परत मिळेल असं समजू नका. संध्याकाळपर्यंत मी इथला होऊन जाईन."

मास्तरणीनं त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या खिळ्यांवर टांगलेले कागदी फर्मे एकेक करून काढले. बाही, पाठ, पुढा, कॉलर. ज्यांच्यावरून खडूची रेघ ओढतात ते, तिनं स्वतः सहा आठवडे रेखलेले. सगळ्यांची एक मोठी गुंडाळी केली आणि काखेत मारली.

"हे काय?"

"माझं काम. तुम्ही इथले होईपर्यंत मी येतेच."

"फर्म्यांशिवाय मी कापू कसा?"

"कापू नका. आठवड्याला एक पँट मोजून मी हा हात परत मिळवते आहे, भाऊ. एका दुपारसाठी तो सोडणार नाही, आणि टेबलही सोडणार नाही. तुम्हाला काम हवं असेल तर माझ्या रेघेवर कापा, गणवेशाला ठरेल ती मजुरी घ्या. उभं कुठं राहायचं ते मी सांगेन."

"हिच्या हाताखाली?" तो बहिणीकडे वळला. "बोल ना तू!"

वहिनी कधी भावाकडे, कधी त्या गुंडाळीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "मला काय विचारतोस? कापड त्यांच्या मापाचं आलंय."

मास्तरीण पुठ्ठा दारावर टांगून गेली. फर्मे काखेत घेऊन नदीवरचा पूल ओलांडताना लोक वळून बघत होते. तिनं कोणालाच वाट दिली नाही.

पावणेपाचला ती परतली तेव्हा भाऊ गेला होता, त्याची कात्रीही. वहिनी टेबलाशी होती. तिनं पहिल्या गठ्ठ्यातलं कापड उलगडून पाणी शिंपडून इस्त्री केलं होतं, आडवे-उभे धागे जुळवून टेबलावर ताणून पसरलं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं या टेबलाला हात लावला नव्हता.

मास्तरणीनं फर्मा ठेवला, रेघ ओढली आणि कापायला लागली. मध्ये दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा वहिनीनं कापडाची पलीकडची कड धरून ठेवली, सरकू नये म्हणून. दुकान बंद करायच्या वेळी वहिनीनं कापलेले मोजले.

"दिवसाचे सातच?"

"सात."

"या चालीनं दवाखान्याला वेळेवर नाही पोचणार."

"नाही पोचणार. उद्या मीच फोन करून सांगते, दोन खेपांत देऊ म्हणून. कारण विचारलं तर कारणही सांगेन."

वहिनीनं कापलेल्या भागांना चिठ्ठ्या टाचल्या. मग मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तिथं फक्त तुमच्यासारख्यांनाच घेतात, की दुसऱ्या कोणाला वेळ मागता येते?"

"फोनवर मागायची," मास्तरीण म्हणाली. "नंबर माझ्या पानावर आहे. आणि फी विचारायला लाजू नका."